‘सिस्टीम घेत नाही’ म्हणजे नेमके कोण घेत नाही?

तहसील कचेरी असो, सेतू केंद्र असो, कॉलेजातली शिष्यवृत्तीची खिडकी असो की रेशनचे दुकान असो, एक वाक्य आता सगळीकडे ऐकू येते. ‘सिस्टीम घेत नाही.’ पूर्वी साहेब घेत नव्हते. साहेब घेत नव्हते तेव्हा साहेबाशी भांडता येत होते, वरच्या साहेबाकडे अर्ज करता येत होता, कचेरीवर मोर्चा नेता येत होता. आता साहेब हात वर करतात आणि पडद्याकडे बोट दाखवतात. नाव घेत नाही, दाखला घेत नाही, अंगठा घेत नाही. सिस्टीमला ना चेहरा, ना टेबल, ना बदलीची भीती. मग घोषणा द्यायची ती कोणाच्या नावाने?

आमचा सवाल अगदी साधा आहे. सिस्टीम स्वतःहून काही घेत नाही आणि स्वतःहून काही नाकारतही नाही. काय घ्यायचे आणि काय परत लावायचे, हे तिला आधी कोणीतरी सांगून ठेवलेले असते. ते कोणी सांगितले? कोणाला विचारून सांगितले? आणि ते कोठे लिहून ठेवले आहे? हे प्रश्न इंजिनिअर मंडळींचे आहेत, आपल्याला त्यातले काय कळते, असे म्हणून आपला समाज बाजूला उभा राहिला, तर पुढची पन्नास वर्षे त्याला खिडकीबाहेरच उभे राहावे लागेल. म्हणून आज या विषयावर सविस्तर लिहिणे आम्हाला गरजेचे वाटते.

सॉफ्टवेअर तयार करण्याचे एक शास्त्र आहे. १९६८ साली तेव्हाच्या पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या पुढाकाराने एक परिषद भरली. संगणक मोठे होत चालले होते, पण त्यावर चालणारी कामे वेळेवर पुरी होत नव्हती, खर्च हाताबाहेर जात होता. पूल बांधणाऱ्याला जशी शिस्त असते तशी शिस्त सॉफ्टवेअरलाही हवी, या विचाराने तेथे ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हा शब्द रूढ झाला. त्याच परिषदेत डग्लस मॅकिलरॉय यांनी मांडले, की कारखान्यात जसे तयार सुटे भाग मिळतात तसे सॉफ्टवेअरचेही तयार भाग हवेत. प्रत्येकाने प्रत्येक वेळी नव्याने सगळे का घडवावे?

या शास्त्राच्या तीन गोष्टी सामान्य माणसानेही समजून घेतल्या पाहिजेत. पहिली, रिक्वायरमेंट. म्हणजे सिस्टीमने काय करायचे, कोणासाठी करायचे आणि काय अजिबात करायचे नाही, याचा लेखी दस्तऐवज. दुसरी, मॉडेल. म्हणजे जगातली माणसे, कागद, नाती आणि नियम संगणकाला कळतील अशा नकाशात मांडणे. पीटर चेन यांनी १९७६ साली त्यासाठी एक रीत दिली आणि १९९७ साली यूएमएल नावाची आकृत्यांची भाषा प्रमाण म्हणून स्वीकारली गेली. तिसरी, रियूज, म्हणजे एका कामासाठी केलेले सॉफ्टवेअर दुसऱ्या कामाला पुन्हा वापरणे. आयबीएमच्या एका अवाढव्य प्रकल्पाची धुरा वाहिलेले फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात सांगून टाकले, की सगळ्यात अवघड भाग प्रोग्राम लिहिण्याचा नाही. नेमके काय बनवायचे हे ठरवणे, तेच सगळ्यात अवघड. आज तर यंत्रेच प्रोग्राम लिहू लागली आहेत. तेव्हा ठरवणाऱ्याची जबाबदारी कमी झालेली नसून कितीतरी वाढलेली आहे.

ठरवताना हयगय झाली तर काय होते? युरोपचे उदाहरण पाहा. ४ जून १९९६. दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानामधल्या कुरू येथून एरियान-५ हे नवे रॉकेट पहिल्यांदाच झेपावले. पोटात चार संशोधन उपग्रह होते. सुमारे चाळीस सेकंदांत, सुमारे ३,७०० मीटर उंचीवर ते वाकडे झाले, तुटले आणि त्याचा स्फोट झाला. कारण काय? दिशा मोजणाऱ्या यंत्रणेचे सॉफ्टवेअर जुन्या एरियान-४ रॉकेटवरून जसेच्या तसे उचलले होते. त्यात आडव्या वेगाशी संबंधित एक मोठी संख्या १६ बिटांच्या लहान कप्प्यात भरली जात होती. त्या कप्प्यात जास्तीत जास्त ३२,७६७ एवढीच संख्या मावते. एरियान-४ चा मार्ग असा होता, की ही मर्यादा कधी ओलांडलीच जात नव्हती. एरियान-५ चा आडवा वेग बराच जास्त. संख्या कप्प्यात मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणा होती ना? होती. पण तिच्यातही तेच सॉफ्टवेअर होते. ती तर मुख्य यंत्रणेच्या ७२ मिलिसेकंद आधीच त्याच कारणाने बंद पडली होती.

जाक-लुई लायन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने दीड महिन्यात अहवाल दिला. त्यातल्या दोन गोष्टी डोळे उघडणाऱ्या आहेत. जो हिशेब चुकला, त्या हिशेबाचा उड्डाण झाल्यावर एरियान-५ ला काहीही उपयोग नव्हता. जुन्या रॉकेटची गरज म्हणून तो ठेवलेला होता आणि नव्या रॉकेटवर तसाच चालत राहिला. दुसरे म्हणजे, त्या यंत्रणेसाठी लिहिलेल्या रिक्वायरमेंटमध्ये एरियान-५ च्या मार्गाची माहितीच घातलेली नव्हती. सात संख्यांपैकी चारांना संरक्षण दिले, तीन उघड्या ठेवल्या, कारण ‘या कधी एवढ्या मोठ्या होणारच नाहीत’ असे गृहीत धरले होते. जुन्या रॉकेटपुरते ते गृहीत खरे होते. नव्यासाठी ते पुन्हा तपासले गेले नाही.

रॉकेट पडले, सुदैवाने माणूस मेला नाही. पण कॅनडातील सरकारी मालकीच्या कंपनीने बनवलेल्या थेराक-२५ या किरणोपचार यंत्राने माणसे मारली. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडातील सहा रुग्णांना त्या यंत्राने प्रचंड किरणमात्रा दिली. त्यातले काही जण दगावले. तेथेही गोष्ट तीच. जुन्या यंत्रांचे सॉफ्टवेअर नव्यात घेतले होते. आधीच्या थेराक-२० मध्ये सॉफ्टवेअर चुकले तरी वेगळी यांत्रिक कडी होती, ती किरण अडवून धरत होती. नव्या यंत्रात ती कडी काढून टाकली आणि सगळा भार सॉफ्टवेअरवर सोडला. जुन्या यंत्रात दडून बसलेली चूक नव्यात उघडी पडली. आणि रुग्ण सांगत होते की आम्हाला भाजले, तेव्हा त्यांना काय उत्तर मिळाले? यंत्राकडून असे होणे शक्यच नाही! हे उत्तर आपल्या वाचकांना ओळखीचे वाटेल. खिडकीवर आपल्याला दुसरे काय सांगतात?

आता कोणी म्हणेल, कुठे रॉकेट आणि कुठे जातीचा दाखला! आमचे म्हणणे असे, की गृहीत धरण्याचा रोग दोन्हीकडे एकच आहे. रॉकेटच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगाची मर्यादा गृहीत धरली जाते, अर्जाच्या सॉफ्टवेअरमध्ये माणसाची. फरक एवढाच, की रॉकेट पडले तर चौकशी मंडळ बसते. एखाद्या मुलीचा अर्ज पडला तर तिच्यासाठी कोणते मंडळ बसते?

आपल्या घरातलेच उदाहरण घेऊ. समजा, एका इंजिनिअरला शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी नकाशा काढायचा आहे. व्यक्ती, धर्म, जात, प्रवर्ग. सोपे वाटते ना? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीसाठी हिंदू धर्माची अट होती. १९५६ साली त्यात शीख आले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांनी लाखोंसह धम्मदीक्षा घेतली आणि ही माणसे त्या आदेशाच्या बाहेर गेली. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून नवबौद्धांना सवलती सुरू ठेवल्या. केंद्राचा कायदा मात्र बदलायला १९९० साल उजाडावे लागले. म्हणजे एकच माणूस, एकच वस्ती, एकच हालअपेष्टा, पण कोणत्या साली आणि कोणत्या सरकारच्या दारात उभा आहे यावर त्याचा प्रवर्ग बदलत होता. शिवाय एका राज्यातला प्रवर्ग दुसऱ्या राज्यात आपोआप लागू होत नाही, ती वेगळीच गोष्ट.

हा इतिहास ज्याला माहीत नाही, तो नकाशा काय काढेल? धर्म निवडा, मग त्या धर्माखालच्या जाती दिसतील, जात निवडा, मग प्रवर्ग ठरेल. झाले! बौद्ध निवडले की खालची यादी रिकामी. ‘सिस्टीम घेत नाही.’ त्या इंजिनिअरच्या मनात द्वेष असेलच असे नाही. त्याच्या नकाशात आपण नाही, एवढेच. जाणकार माणूस धर्म, जात आणि प्रवर्ग हे तीन वेगळे कप्पे करील. प्रवर्ग कोणी दिला, कोणत्या कायद्याने दिला, कोणत्या तारखेपासून दिला, हे त्याला जोडील. उद्या कायदा बदलला तर फक्त एक ओळ बदलावी लागेल, सगळी सिस्टीम पाडावी लागणार नाही. मॉडेलिंग म्हणतात ते हेच. याला फार मोठा संगणक लागत नाही, समाजाची माहिती लागते.

नावाचेही तसेच. महाराष्ट्रात नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तीन कप्पे धरून किती अर्ज तयार झाले असतील! मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शासकीय कागदपत्रांत आईचे नाव बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्हच. पण तीन कप्प्यांच्या जुन्या सिस्टीमचे काय? एका कागदावर चार शब्दांचे नाव आणि दुसऱ्यावर तीन शब्दांचे, अशी दोन नावे यंत्राला जुळणार कशी? मराठीतले नाव इंग्रजीत लिहिताना एका ठिकाणी एक अक्षर जास्त, दुसऱ्या ठिकाणी कमी, हे तर घरोघरीचे दुखणे आहे. माणसाला दिसते की ही एकच व्यक्ती आहे. यंत्राला तसे सांगितलेले नसेल तर त्याच्या लेखी ती दोन माणसे. आणि अंगठा? खडी फोडणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या हाताचे ठसे झिजतात. ‘ठसा जुळला नाही तर पुढे काय’ ही वाट रिक्वायरमेंटमध्ये लिहिलेली नसेल, तर ज्याने सगळ्यात जास्त कष्ट केले तोच रांगेतून रिकाम्या हाताने परत जाणार.

मग जुने काही वापरूच नये काय? तसे आमचे म्हणणे अजिबात नाही. याबाबतीत बाबासाहेबांनीच धडा घालून दिला आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे मांडला, तेव्हा आक्षेप आला होता की मसुद्याचा मोठा भाग १९३५ च्या कायद्यावरून उचलला आहे. बाबासाहेबांनी त्याबद्दल माफी मागितली नाही. चांगले ते घेण्यात लाज कसली, राज्यघटनेच्या मूलभूत कल्पनांवर कोणाचे पेटंट नसते, असे त्यांनी ठणकावून सांगितले. घेतलेले भाग प्रामुख्याने कारभाराच्या तपशिलाचे आहेत, हेही त्यांनी स्पष्ट केले. पण जुने जसेच्या तसे मात्र उचलले नाही. १९३५ च्या कायद्याने मताचा हक्क मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींत अडकवला होता. संविधानात त्या अटी गेल्या आणि प्रत्येक प्रौढाला मत मिळाले. कारभाराची चौकट जुनी, पण ‘नागरिक कोण’ या प्रश्नाचे उत्तर नवे. याला म्हणतात पुनर्वापर. एरियानच्या इंजिनिअरांनी नेमके हेच केले नाही.

आणि हे उत्तर त्यांच्याकडे एका दिवसात आले नव्हते. १९१९ साली साउथबरो समितीपुढे आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली, ती ज्यांना कोणी विचारतच नव्हते त्यांच्या वतीने. आमच्या गरजा दुसऱ्याने सांगू नयेत, आम्ही सांगू, हा त्या साक्षीचा गाभा होता. सॉफ्टवेअरच्या पुस्तकात याला रिक्वायरमेंट गोळा करणे म्हणतात. पहिला नियम असा, की जो वापरणार आहे त्याला विचारा. खात्याच्या सचिवाला विचारून सचिवाच्या सोयीची सिस्टीम तयार होते. विद्यार्थ्याला विचारले तर विद्यार्थ्याच्या सोयीची होईल.

न विचारण्याचा अनुभव या महाराष्ट्राने घेतलेला आहे. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याची पद्धत एकदम सगळ्या शाखांना लावली. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका होत्या. तपासणारे प्राध्यापक नवखे, स्कॅनिंग रखडलेले, काही उत्तरपत्रिका सापडेनात. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली. मुलांचे पुढचे प्रवेश अडकले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पडद्यावर तपासणी ही कल्पना वाईट नव्हती. एका लहान शाखेवर आधी चालवून पाहावी, प्राध्यापकांना विचारावे, निकाल लांबला तर जुनी वाट उघडी ठेवावी, एवढे साधे नियोजन आधी व्हायला हवे होते. कुलगुरू गेले, पण ज्या मुलाचे वर्ष गेले त्याला ते कोणी परत दिले?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, शिष्यवृत्ती, रेशन, दाखले, पेन्शन अशा जनतेच्या कोणत्याही कामासाठी सिस्टीम बनवायची असेल, तर तिची रिक्वायरमेंट निविदा काढण्यापूर्वी मराठीत जाहीर करा. केंद्र सरकारने २०१४ साली धोरण ठरवले, की कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा. आज जो प्रोग्राम आपला अर्ज फेटाळतो तो आपल्यापुरता कायदाच आहे. मग त्याचा मसुदा लोकांपुढे का नको? माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ सरकारवर आपणहून माहिती देण्याचे बंधन घालते आणि बाधित माणसाला निर्णयाची कारणे देण्याचेही. ‘सिस्टीम घेत नाही’ हे कारण नव्हे. कोणत्या नियमाने घेत नाही, तो नियम पडद्यावर दिसला पाहिजे आणि त्याची छापील प्रत हातात मिळाली पाहिजे.

दुसरी, प्रत्येक सिस्टीममध्ये अडलेल्या माणसासाठी कागदाची वाट राहिली पाहिजे. थेराकची यांत्रिक कडी काढली तेव्हा माणसे मेली, हे विसरू नका. तिसरी, जुने सॉफ्टवेअर दुसऱ्या खात्यात वापरायचे तर खुशाल वापरा, जनतेचा पैसा वाचेल. सरकारी सॉफ्टवेअरचा सोर्स कोड खुला करून इतरांनी तो वापरावा, असे केंद्राचे २०१५ चे धोरणच आहे. पण त्यासोबत जुन्या सिस्टीमने काय काय गृहीत धरले होते याची यादी द्या आणि ती नव्या कामाला लावून पुन्हा तपासा. चौथी, सिस्टीम ताब्यात घेण्यापूर्वीची चाचणी फक्त मंत्रालयाच्या वातानुकूलित खोलीत नको. ती आदिवासी आश्रमशाळेत, मागासवर्गीय वसतिगृहात, विधवा भगिनींच्या वस्तीत करा. जिचा अर्ज हमखास अडेल अशी शंका आहे, तिचाच अर्ज आधी भरून पाहा.

आमच्या तरुणांनाही दोन शब्द. आज आपली मुले-मुली पुण्यात, हैदराबादला, बंगळुरूला संगणकासमोर बसतात, याचा आम्हाला अभिमान आहे. पण कोडिंगचा कोर्स करून थांबू नका. कोड लिहिणाऱ्याच्या हातात कागद येतो, तो आधीच ठरलेला असतो. तो कागद ज्या खोलीत लिहिला जातो त्या खोलीत शिरा. रिक्वायरमेंट लिहायला शिका, मॉडेल काढायला शिका, बिझनेस अॅनालिस्टच्या खुर्चीत बसा. बैठकीत कोणी म्हणाले ‘असा अर्जदार क्वचितच असतो’, तर न घाबरता सांगा, साहेब, तो आमच्या वस्तीत घरोघरी आहे. एरियानच्या त्या बैठकीत ‘ही संख्या एवढी मोठी होईल’ असे म्हणणारा एक माणूस असता तर रॉकेट वाचले असते.

आणि जे संगणकापासून दूर आहेत त्यांनीही एक काम करावे. पुढच्या वेळी खिडकीवर ‘सिस्टीम घेत नाही’ असे ऐकलेत, तर मान खाली घालून परत फिरू नका. कोणत्या नियमाने घेत नाही, तो नियम कोणी लिहिला आणि तो लिहिताना आमच्यापैकी कोणाला विचारले, हे तीन प्रश्न कागदावर लिहा, खाली सही करा आणि पोच घ्या. सिस्टीम पोच देत नाही. द्यावी लागते ती माणसालाच.